साडूंची कानपरीक्षा

दातांच्या डॉक्टरांना एक मोठी सोय असते. समोरच्या माणसाचं तोंड उघडं असतं, त्यात कापसाचे बोळे असतात, लाळ ओढणारी नळी असते, आणि त्यामुळे त्याला वाद घालता येत नाही. या गोष्टीतले डॉक्टर त्या सोयीचा पुरेपूर फायदा उठवत. दाढ कोरता कोरता ते पेशंटला इयरफोनबद्दल सांगत. रस्त्यावर ढिगानं मिळतात ते नव्हेत. कानात खोल जाऊन बसणारे, शेंगदाण्याएवढे, कुणीतरी भिंगातून बघत हातानं जोडलेले.

“चांगल्या इयरफोनला अंगण असतं,” ड्रिल थांबवून ते म्हणत. “वाईट इयरफोनमध्ये सगळे वादक तुमच्या कवटीत दाटीवाटीनं बसतात. चांगल्यामध्ये बासरीवाला उजवीकडे, व्हायोलिनवाला डावीकडे, गाणारा मध्ये, आणि त्यांच्यामधून कुणाला चहाचा ट्रे घेऊन जायचं असेल तर जाता येईल एवढी जागा. कळलं?”

“आ,” पेशंट म्हणे.

“बरोबर,” असं म्हणून डॉक्टर पुन्हा ड्रिल सुरू करत.

घरी मात्र ही सोय नव्हती. घरी सगळ्यांची तोंडं मोकळी होती. शिवाय डॉक्टरांना मिळालेले साडूही नेमके याच नादाचे निघाले होते. डॉक्टरांची बायको थोरली, साडूंची बायको धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी. साडूंचा छापखाना होता. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, खोक्यांवरचे पत्ते असलं काम. उभा जन्म यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे ते शेजारी बसलेल्या माणसाशीही नदीपलीकडच्याला हाक मारल्यासारखे बोलत. त्यांचा विश्वास बिनवायरच्या इयरफोनवर. डॉक्टरांचा वायरवर.

“वायर म्हणजे गळ्यातलं दावं,” साडू गरजत. “माणूस गाणं ऐकतोय की गोठ्यात बांधलाय?”

“हवेतून आलेलं गाणं वाटेत सांडतं,” डॉक्टर शांतपणे म्हणत. “कानात पोचतो तो नुसता गाळ.”

हा वाद दर रविवारी होई, कारण दर रविवारी साडू सहकुटुंब डॉक्टरांकडे जेवायला येत. डॉक्टरांच्या घरी सासूबाई राहत होत्या, आणि दोघी बहिणींना आईपाशी बसायचं असे. नवरे दिवाणखान्यात बसून एकमेकांच्या कानात एकमेकांचे इयरफोन घालत आणि तोंड वाकडं करत. “बेस सुजलाय.” “ट्रेबलला दात आलेत.” “मधला भाग जेवलेला नाही.” दोघांनीही घेतलेल्या प्रत्येक जोडाची किंमत बायकांना निम्मी सांगितली होती, एवढ्या एका बाबतीत मात्र त्यांच्यात पूर्ण एकी होती.

त्या रविवारी साडू नवा जोड घेऊन आले. काळी, गुळगुळीत, साबणाच्या वडीएवढी डबी. उघडली की आत दोन इयरफोन चार्ज होत पहुडलेले.

“आज निकाल लावून टाकू,” साडू म्हणाले. “डोळे बांधून ऐकायचं. कुठला कुणाचा हे न कळता सांगायचं, चांगला कुठला.”

“माझी हरकत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण कानात घालणार कोण? तुम्ही घातलेत तर तुमच्या हाताच्या थरथरण्यावरून मला कळेल.”

प्रश्न खरा होता. थोरली म्हणाली, मला भांडी आहेत. ती तशी रोजच असत, पण त्या दिवशी ती त्यांच्याकडे जरा जास्तच उत्साहानं गेली. मग दोघांचं एकमत झालं ते धाकटीवर.

धाकटी गाडी चालवण्याचा परवाना देणाऱ्या कचेरीत परीक्षक होती. उमेदवाराच्या शेजारी बसून ती दिवसभर गावभर फिरे, आणि तिच्या चेहऱ्यावरून उमेदवाराला काही म्हणता काही कळत नसे. गाडी सरळ दुकानात शिरली तरी ती नुसतं “पुढे” म्हणे. नात्यागोत्यातल्या निम्म्या लोकांना तिनं नापास केलं होतं, आणि तेच लोक तिच्या घरी येऊन मुकाट्यानं चहा पिऊन जात. इयरफोनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याच्या खिशातून नवीन डबी निघाली की ती बघतही नसे, कारण तोवर आधीच्या डबीवरचं भांडण संपलेलं नसे.

“चालेल,” ती म्हणाली. “पण नियम माझे. ऐकणाऱ्यानं बोलायचं नाही. गाणं संपल्यावरच तोंड उघडायचं. दुसऱ्यानं बाल्कनीत बसायचं, दार लावून. खाकरायचं नाही, खोकायचं नाही.”

“खोकला आला तर?” साडूंनी विचारलं.

“गिळायचा.”

अडचण एकच होती. वायरचा जोड कानात गेला की मानेवर वायर लागते, मग डोळे बांधून उपयोग काय? धाकटीनं क्षणभर विचार केला आणि आईच्या विणकामाच्या टोपलीतून लोकरीचे दोन धागे तोडून आणले. बिनवायरचा जोड घालताना तिथं लोकर लटकवायची, म्हणजे मानेला दोन्ही वेळा सारखंच वाटेल.

पहिली पाळी साडूंची. डोळ्यांवर मफलर बांधला. डॉक्टर बाल्कनीत कुंड्यांमध्ये जाऊन बसले. धाकटीनं एकाच फोनवरून एकच गाणं दोन्ही जोडांतून वाजवलं. आवाजाची पातळी साडूंनी आधीच लावून ठेवली होती, ती इतकी वर होती की कानाबाहेरही बारीक किणकिण ऐकू येत होती. गाणी संपल्यावर डॉक्टरांना आत बोलावलं.

“पहिला,” साडूंनी मफलराआडून जाहीर केलं. “पहिला म्हणजे मोकळं आकाश. दुसरा कोंदट. आणि धाकटे, तू लोकर लावलीस तरी मला कळलं. पहिल्या वेळी मानेवर लोकरीचा स्पर्श होता. वायर अशी मऊ नसते.”

“पहिला डॉक्टरांचा होता,” धाकटी म्हणाली. “ती वायर होती.”

साडूंनी मफलर काढला. वायर हातात घेऊन बोटांत चोळून बघितली. मग लोकर चोळून बघितली. डॉक्टर काही बोलले नाहीत. असं न बोलता त्यांनी जेवढा आनंद लुटला तेवढा बोलून लुटता आला नसता.

“ही पद्धतच चुकीची आहे,” साडू म्हणाले. “एकच गाणं दोनदा वाजवलं की दुसऱ्या वेळी कान कंटाळतो. शिळं अन्न कुणाला गोड लागेल? डॉक्टरांच्या वेळी दोन वेगळी गाणी हवीत. आणि ती मी निवडणार. त्यांना आधी सांगायचं नाही.”

धाकटीनं नियमात बसतं का ते पाहिलं. “मान्य,” ती म्हणाली. “आधी चहा.”

चहाच्या वेळात साडूंनी आपली डबी भिंतीपाशी कपाटावर चार्ज करायला लावली. तिथं आधीपासून आणखी एक डबी चार्ज होत होती. तीही काळी, गुळगुळीत आणि साबणाच्या वडीएवढीच. ती सासूबाईंच्या ऐकण्याच्या मशीनची होती.

ही मशीन घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. सासूबाईंना कमी ऐकू येई, म्हणून थोरलीनं मागे लागून तपासणी करवली आणि डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन आणून दिली. कानामागं बारीकसा तुकडा, तिथून केसाएवढी नळी कानात. केसांखाली दिसतही नसे, आणि धाकटीनं तर त्याबद्दल फक्त फोनवर ऐकलं होतं. सासूबाईंना मात्र हे प्रकरण पसंत नव्हतं. “आधी मला कमी ऐकू येत होतं तेच बरं होतं,” त्या म्हणत. “आता तुम्ही भांडी माझ्या डोक्यात घासता.”

चहा चालू असताना सासूबाई दुपारच्या झोपेतून उठल्या. चष्मा त्यांच्या उशाशीच राहिला होता. त्या कपाटापाशी आल्या, हाताला लागली ती डबी उघडली आणि आतलं कानात बसवलं. आज मशीन जरा फुगल्यासारखी वाटली. पण मशीनच्या बाबतीत त्यांच्या तक्रारी इतक्या होत्या की आणखी एक करण्यात त्यांना अर्थ दिसला नाही. दोन्ही दाबून बसवल्यावर सगळं शांत झालं. हे त्यांना आवडलं. त्या खोलीत जाऊन विणायला बसल्या. साडूंचा नवा जोड त्यांच्या कानात होता, आणि कपाटावर उरली होती ती त्यांची स्वतःची मशीन. हे कुणीच पाहिलं नाही. थोरली स्वयंपाकघरात होती, धाकटी मफलरची घडी घालत होती, आणि साडू डॉक्टरांना ऐकवायचं गाणं शोधत होते.

मग डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांच्या रोजच्या कामात ते खुर्चीशेजारी उभे असत, खुर्चीत बसायची सवय नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. मफलर बांधला. साडू बाल्कनीत गेले, दार लागलं.

पहिल्यांदा धाकटीनं वायरचा, म्हणजे डॉक्टरांचाच जोड घातला. एक उडत्या चालीचं, बऱ्याच वाद्यांचं गाणं लागलं. डॉक्टरांनी लक्षपूर्वक ऐकलं. ठीक आहे, त्यांना वाटलं. स्वच्छ आहे, पण पुठ्ठ्याच्या खोक्यात बसल्यासारखं. बासरीवाला व्हायोलिनवाल्याच्या मांडीवर आहे. हा नक्की साडूंचा.

मग धाकटीनं कपाटावरची डबी आणली. आतली वस्तू पाहून, ही कानामागं अडकवायची असते एवढं तिला कळलं. नवऱ्याच्या मागच्या जोडांपैकी एक असाच कानामागून जायचा. तिनं नळ्या नीट कानात सोडल्या, लोकर लटकवली आणि फोनवर गाणं सुरू केलं. फोन इमानेइतबारे साडूंच्या इयरफोनला जोडलेला होता. गाणं निघालं आणि भिंतीपलीकडे सासूबाईंच्या कानात गेलं.

डॉक्टरांना आधी एक बारीक शीळ ऐकू आली आणि विझली. मग शांतता. पण ही शांतता काही वेगळीच होती. तिला आकार होता. डावीकडे, लांब, कुणीतरी पाय जमिनीवर घासला. उजवीकडे पाण्याचा थेंब पडला. अगदी जवळ कुणीतरी श्वास घेतला आणि सोडला. डॉक्टर ताठ बसले. हे कुठल्यातरी घरगुती बैठकीतलं ध्वनिमुद्रण असणार, त्यांना वाटलं. श्रोते जमतायत. मागं कुणीतरी कपबशी ठेवली, आणि कपबशीचं ठेवणं त्यांना एवढं सविस्तर ऐकू आलं की आधी बशी टेकली की आधी चमचा हलला हे ते सांगू शकले असते. कुठूनतरी टिकटिक येत होती. लाकडी टोकं एकमेकांना हलकेच लागावीत तशी, एका लयीत. अशा वाद्याचं नाव त्यांना आठवेना.

अंगण. हे अंगण होतं. इतकी वर्षं पेशंटांना सांगत आलेलं अंगण त्यांनी खरं म्हणजे पहिल्यांदाच पाहिलं.

मग बाई गाऊ लागली.

आवाज म्हातारा होता. सुरुवातीला तो सूर शोधत होता, अंधारात भिंत चाचपडावी तसा, आणि मग सापडला. गाणं जुनं होतं, नावेतून गेलेल्या माणसाला काठावरून हाका मारणारं. साथीला काहीच नव्हतं, नुसती ती टिकटिक, आणि तीही मध्येच थांबली. दुसऱ्या कडव्यात बाईचा श्वास अपुरा पडला, ओळ तुटली, आणि तिनं ती तिथूनच पुन्हा उचलली. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं हे काढून टाकलं नाही, डॉक्टरांच्या मनात आलं, शहाणा माणूस आहे. मफलराच्या आत त्यांचे डोळे भरून आले. नाक ओढावंसं वाटलं, पण नियम आठवला.

इकडे धाकटी डॉक्टरांच्या खुर्चीमागं उभी होती. तिलाही ते गाणं ऐकू येत होतं, पण ते येत होतं आतल्या खोलीतून. आई गात होती. वडील गेल्यापासून आईनं सूर लावलेला कुणी ऐकला नव्हता. आधी तिला कमी ऐकू येतं म्हणून, मग कुणी गा म्हणेना म्हणून, ते राहूनच गेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात थोरली येऊन उभी राहिली, हात साबणाचे, बोटांवरून पाणी ठिबकत असलेले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीनं खुणेनं विचारलं, हे काय? धाकटीनं ओठांवर बोट ठेवलं. परीक्षा चालू होती. आणि परीक्षा नसती तरी त्या दोघींपैकी कुणी बोललं असतं असं वाटत नाही.

गाणं संपलं. फोनवरचंही संपलं होतं. धाकटीनं डोळे पुसले, चेहरा नेहमीसारखा कोरा केला, डॉक्टरांच्या कानातून मशीन काढली आणि बाल्कनीचं दार उघडलं.

“बोला,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी आधी राहिलेलं नाक ओढून घेतलं. “दुसरा,” ते म्हणाले. “पहिला जोड कुणाचाही असो, तो मी उद्या कचऱ्यात टाकीन. दुसऱ्याबद्दल मी काही बोलू शकत नाही. मी आजवर जे ऐकत आलो ते गाणं नव्हतं. ती गाण्याची वर्णनं होती.”

साडूंची छाती हळूहळू फुगत गेली. “दुसरा माझा,” ते म्हणाले. एरवी गरजणारा माणूस या वेळी चक्क हळू बोलला.

डॉक्टरांनी मफलर काढला, उठले आणि साडूंचे दोन्ही हात हातात घेतले. “मी हरलो. मनापासून सांगतो. आणि गाणं काय निवडलंत हो तुम्ही. ती बाई कोण?”

“कुठली बाई?”

“गाणारी. म्हातारी बाई.”

“बाई नाही, पुरुष आहे,” साडू म्हणाले. “जाड आवाजाचा. मागं भरपूर वाद्यं आहेत. म्हणून तर निवडलं, बेस दाखवायला.”

“एकही वाद्य नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “एक लाकडी टिकटिक सोडली तर.”

“अहो, सुरुवातीलाच ढोल आहे.”

“सुरुवातीला कपबशी आहे.”

साडूंनी डॉक्टरांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. एका हातात विणकाम. कानात काळे चकचकीत इयरफोन.

“माझी मशीन बिघडलीय,” त्या जोरात म्हणाल्या. कानात बोळे असलेला माणूस जेवढ्या जोरात बोलतो तेवढ्या. “तिच्यातून गाणं येतंय.”

साडूंचा हात डॉक्टरांच्या कपाळावरच राहिला.

“मागं ढोलबिल वाजतात,” त्यांनी खुलासा केला. “पण गाणं ओळखीचं आहे. मग मीही म्हटलं. दुरुस्त करू नका. असंच असू दे.”

धाकटीनं हातातल्या वस्तूकडे पाहिलं. मग आईच्या कानांकडे. मग पुन्हा हातातल्या वस्तूकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. थोरली दारातच मटकन खाली बसली आणि साबणाचे हात तोंडावर धरून हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली, आणि साबण डोळ्यांत गेल्यामुळे नक्की कशानं ते तिलाही सांगता येईना.

साडूंना समजायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. “म्हणजे माझा जोड ऐकलाच नाही,” ते म्हणाले. “यांनी आईंची मशीन ऐकली. निकाल रद्द. पुन्हा घ्या.”

“पुन्हा घ्यायला जोड हवा ना,” धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. साडू पुढे झाले, त्यांच्यासमोर वाकले आणि कानाकडे बोट दाखवून म्हणाले, “आई, हे जरा माझं आहे.”

“छान आहे,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना ऐकू आलं की नाही, हे घरात अजून वादाचं आहे. “मला किती दिवसांत कुणी काही एवढं चांगलं आणून दिलं नाही. या दुसऱ्या जावयानं आणली ती मशीन नुसती भांडणं ऐकवते. तू माणूस समजूतदार आहेस.”

यावर करण्यासारखं काही उरलं नाही. साडूंनी फोनवर आणखी जुनी गाणी शोधून दिली. मग रोज हे वाजवणार कोण, असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी जड मनानं थोरलीच्या फोनला तो जोड जोडूनही दिला. संध्याकाळी ते मोकळ्या खिशानं घरी गेले. जाताना जिन्यात धाकटी त्यांना म्हणाली, “किती दिवसांनी आई गायली.” ते म्हणाले, “हो.” चार पायऱ्या उतरल्यावर म्हणाले, “बेस ऐकायला हवा होता आईंनी.” धाकटीनं यावर त्यांना नापास केलं नाही.

डॉक्टरांचं मन मात्र ताळ्यावर नव्हतं. सासूबाई आता दिवसाचा बराच वेळ इयरफोन घालून बसत, आणि त्यांची मशीन कपाटावर पडून असे. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी इकडंतिकडं पाहून ती कानात घातली. वर्तमानपत्राचं पान उलटलं. पान वाजलं. आजवर त्यांना वाटत होतं, हल्ली वर्तमानपत्राचा कागदच हलका आला आहे. फ्रिज बारीक सुरात कण्हत होता. खिडकीबाहेर कुठलातरी पक्षी बोलत होता, आणि तो नक्कीच या घराशेजारी नवा राहायला आलेला नसणार. डॉक्टरांनी मशीन काढून डबीत ठेवली. पक्षी गेला. मशीन पुन्हा घातली. पक्षी आला. असं त्यांनी चारदोनदा करून पाहिलं आणि मग ते दवाखान्यात उशिरा पोचले.

दिवसभर ड्रिल चालवताना त्यांच्या मनात एकच विचार होता. हे ड्रिल गेली कितीतरी वर्षं त्यांच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर किंचाळत होतं. पेशंटला ते इयरफोनबद्दल काहीही बोलले नाहीत. पेशंट घाबरला. त्याला वाटलं, दाढ वाचत नाही.

आठवडा संपायच्या आत डॉक्टर कोणाला न सांगता कान तपासणीच्या दवाखान्यात गेले. जिथून सासूबाईंची मशीन आणली होती तिथंच. पायऱ्या चढून वर गेले, तर बाकावर साडू बसले होते.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. पळून जायला दोघांनाही उशीर झाला होता.

“मी आईंच्या मशीनची नळी बदलायला आलोय,” डॉक्टर म्हणाले.

“मी इकडून चाललो होतो,” साडू म्हणाले.

“हा दुसरा मजला आहे.”

“जिना चढायला सांगितलंय मला. गुडघ्यांसाठी.”

डॉक्टर त्यांच्या शेजारी बसले. समोरच्या भिंतीवर कानाचं एक मोठं रंगीत चित्र होतं, आतल्या गोगलगाईसारख्या वेटोळ्यासकट. दोघं ते बघत बसले. मग साडूंनी हळूच विचारलं, “खरंच कपबशी ऐकू आली होती?”

“चमचासुद्धा,” डॉक्टर म्हणाले.

साडूंनी मान हलवली. “छापखान्यात परवा कामगार माझ्या मागं उभा राहून काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मी वळून विचारलं, काय म्हणालास? तर म्हणे, मालक, तेच म्हणालो, तुम्हाला ऐकू येत नाही. मी त्याला म्हटलं, तू हळू बोलतोस.”

“मीही बायकोला हेच सांगतो,” डॉक्टर म्हणाले.

आतून तपासणाऱ्या बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्यापैकी आधी कोण?” मग दोघं एकदम उठले आणि एकमेकांना “आधी तुम्ही” करू लागले.

तपासणी जाड दाराच्या छोट्या खोलीत होती. कानावर मोठे हेडफोन घालायचे, त्यातून बारीक टूंटूं येई, ऐकू आलं की बटण दाबायचं. डॉक्टरांनी हेडफोन आधी हातात उलटेसुलटे करून पाहिले. “याची गादी जरा कडक आहे,” ते म्हणाले. “बेसला मारक.” बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. टूंटूं हळूहळू बारीक आणि उंच होत गेलं, आणि एका जागी संपलं. डॉक्टर बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिले. काचेपलीकडे बाई मात्र अजूनही काहीतरी वाजवत होत्या, हे त्यांना त्यांच्या हातांच्या हालचालीवरून दिसत होतं. त्या खोलीत त्यांना थोडा वेळ फार एकटं वाटलं.

बाहेर आल्यावर दोघांच्या हातात आपापल्या कानांचा आलेख होता. दोघांचीही रेघ डावीकडून बरी चालत येई आणि उजव्या टोकाला जिना उतरावा तशी खाली जाई. बाई समजावून सांगत होत्या. वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, पक्षी, पान, स, श, दुसऱ्या खोलीतली बायको. मशीननं बरंच परत येईल. आठवडाभर वापरून बघायला देते.

साडूंनी आपला आलेख डॉक्टरांच्या आलेखाशेजारी धरला. बराच वेळ निरखला. त्यांचा चेहरा उजळला.

“माझा जिना तुमच्यापेक्षा एक पायरी उशिरा सुरू होतो,” ते म्हणाले.

“उजव्या कानाचा,” डॉक्टर म्हणाले. “डावा बघा.”

“डावा मी धरतच नाही. डावा यंत्राच्या बाजूला असतो.”

“मग माझाही डावा ड्रिलच्या बाजूला असतो.”

बाईंनी दोघांना खाली जाऊन भांडायला सांगितलं, कारण आत पुढची तपासणी सुरू होती. फुटपाथवर उभे राहून ते दोघं आलेख पदराआड धरल्यासारखे कोटाआड धरून बराच वेळ बोलत होते. मात्र दोघंही हळू आवाजात बोलत होते. कानात नवी मशीन होती, आणि साडूंना पहिल्यांदाच कळलं होतं की आपण ओरडतो.

डॉक्टर घरी पोचले तेव्हा दिवाणखान्यात कुणी नव्हतं. आतल्या खोलीत सासूबाईंच्या सुया चालत होत्या. थोरली स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून काहीतरी चिरत होती. डॉक्टर चपला काढून खुर्चीत बसले. त्यांना सुरीचा फळीवरचा आवाज ऐकू आला, आणि त्याच्याबरोबर तिचा. ती चिरलेल्या कांद्याशी बोलावं तशी पुटपुटत होती.

“आले वाटतं. आता चहा मागतील. स्वतः करून घ्यायचं नाव नाही. बशीत दोन बिस्किटं दिली की तिसरं मागतील, आणि वर म्हणतील, मला गोड वर्ज्य आहे.”

“चहा नको,” डॉक्टर बाहेरून म्हणाले. “बिस्किटंही नकोत.”

सुरी थांबली. थोरली दारात आली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग जवळ येऊन त्यांचे केस बाजूला केले आणि कानामागं पाहिलं. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, त्यांच्या केसांवर हात ठेवून.

“सगळं ऐकू येतं यातून?” तिनं विचारलं.

“सगळं. तू ‘स’ किती छान म्हणतेस. मी विसरलोच होतो.”

ती लाजली, हे तिच्या वयाला शोभत होतं की नाही याचा तिनं विचार केला नाही. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू बदलत गेला. गेल्या कित्येक वर्षांत याच स्वयंपाकघरात, याच माणसाकडे पाठ करून, आपण काय काय बोललो आहोत ते तिला एकामागून एक आठवू लागलं.

“जेवायच्या वेळी काढून ठेवत जा,” ती म्हणाली. “आणि मी ओट्यापाशी असेन तेव्हाही.”

“का?”

“बॅटरी संपते म्हणे,” थोरली म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. बशीत तिनं तीन बिस्किटं ठेवली.